नायर रुग्णालय ते मुरुड : वाचा-उपचार शिक्षणाची साठ वर्षे

टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बा. य. ल. नायर धर्मादाय रुग्णालयाच्या ऑडिओलॉजी अँड स्पीच थेरपी स्कूलची सुरुवात १९६६ साली झाली. साठ वर्षांचा हा इतिहास लिहिताना इमारती, यंत्रे आणि पदव्या यांची नोंद आवश्यकच आहे. परंतु ज्या शाळेने माणसांना पुन्हा बोलायला आणि पुन्हा घास गिळायला शिकवणारे हात तयार केले, तिचे मोजमाप ते हात कुठवर पोहोचले यावरून व्हावे, असे मला वाटते. म्हणून या शाळेत शिकून लातूर भागात काम करणारी एक माजी विद्यार्थिनी या नात्याने मी हा इतिहास शाळा जिथे आहे त्या मुंबई सेंट्रलपासून सुरू करून लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडपर्यंत आणणार आहे.

पूर्वपीठिका

शाळेच्या मागे उभी असलेली मातृसंस्था राष्ट्रीय चळवळीतून जन्मली. ४ सप्टेंबर १९२१ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया क्रॉस लेनमध्ये नॅशनल मेडिकल कॉलेज सुरू झाले. ते असहकाराचे दिवस होते आणि सरकारी आश्रयावाचून वैद्यकीय शिक्षण देता येते, हे कॉलेजला दाखवून द्यायचे होते. पुढे १९२५ साली डॉ. ए. एल. नायर यांनी आपल्या आईच्या, बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर यांच्या स्मरणार्थ रुग्णालय उभारले. १९४६ मध्ये कॉलेज आणि रुग्णालय मुंबई महापालिकेकडे आले आणि देसाई-टोपीवाला यांच्या देणगीमुळे कॉलेजच्या नावात ‘टोपीवाला’ जोडले गेले.

महापालिकेचे रुग्णालय असल्याने इथे गिरणी कामगार, हमाल, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका आणि गावाकडून नातेवाइकांच्या आधाराने आलेले रुग्ण एकाच रांगेत बसत. शाळेचे विद्यार्थी शिकले ते या रांगेतल्या माणसांकडून. या शिक्षणाचा स्वभाव घडला तो इथेच.

आवाजाच्या शास्त्राला त्याआधी शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास होता. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. १८७३ साली व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया केली. मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण देशभरातून इथे येऊ लागले. सर्जन जीव वाचवू लागले, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. वाचलेल्या माणसाने घरी जाऊन बोलायचे कसे, जेवायचे कसे? त्याचे उत्तर देणारा व्यवसाय दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत स्थिरावला होता. डोक्याला मार लागून वाचा गेलेल्या सैनिकांमुळे त्याची गरज तिथे ठळक झाली होती. भारतात मात्र तो व्यवसाय शिकवणारी सोय साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ नव्हती.

स्थापना आणि अभ्यासक्रम

१९६५ साली केंद्र सरकारने म्हैसूरला संस्था स्थापन केली. तीच आजची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था. पाठोपाठ १९६६ साली नायरमध्ये आपली शाळा उभी राहिली. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी देणारा इथला अभ्यासक्रम हा या विषयातील देशाच्या अगदी पहिल्या पदवी अभ्यासक्रमांपैकी एक. १९६७ साली इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन स्थापन झाली आणि या तरुण व्यवसायाला स्वतःचे व्यासपीठ मिळाले. मुंबईतच ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना निधन पावलेल्या नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. एकाच शहरात दोन मोठी केंद्रे झाल्याने राज्यातील विद्यार्थ्यांना बाहेर जाण्याची गरज उरली नाही.

अभ्यासक्रमाची रचना सुरुवातीपासूनच अनेक शास्त्रांना कवेत घेणारी होती. शरीररचना आणि शरीरक्रिया, ध्वनीचे भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र हे विषय सकाळी वर्गात आणि रुग्ण त्याच दिवशी समोर. विद्यार्थ्याला कानाने ऐकून आवाजाचा दोष ओळखायला शिकवले जाई. घोगरा, हवा निसटणारा, ताणलेला, थरथरणारा, नाकातून येणारा हे आवाज आधी वेगळे ऐकू यावेत आणि मग त्यांची कारणे शोधावीत, असा क्रम होता. आज संगणक आवाजाची वारंवारता आणि थरथर आकड्यांत दाखवतो. तरीही कानाची ही शिस्त शाळेने सोडली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. मुरुडसारख्या गावात थेरपिस्टच्या जवळ पहिल्या दिवशी कानच असतो.

पुढे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची शिस्त आली. परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय उपचार करता येत नाहीत, हा नियम रुग्णाच्या हिताचा होता. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले आणि शाळा त्या छत्राखाली गेली. ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची आजची बीएएसएलपी पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांची आहे.

आवाजाचा विभाग

पहिल्या काळात ओपीडीत येणाऱ्यांत कमी ऐकू येणारी मुले, उशिरा बोलणारी मुले आणि तोतरेपणाचे रुग्ण अधिक असत. आवाजाचे रुग्ण कान-नाक-घसा विभागातून पाठवले जात. त्यांतल्या काहींच्या तक्रारी औषधाने बऱ्या होत नाहीत, सवय बदलल्याने होतात, हे रुग्णाला पटवणे हेच आमचे पहिले काम असे.

मिसरूड फुटलेल्या मुलाचा आवाज बारीकच राहिला, तर घरचे हार्मोनचा दोष समजून घाबरतात. बहुतेक वेळा स्वरयंत्राची वाढ नीट झालेली असते, स्नायूंची जुनी पकड तेवढी सुटलेली नसते. थेरपिस्ट बोटांनी स्वरयंत्र हलकेच खाली धरतो, मुलाला खोकायला, हुंकार द्यायला, मग ‘आ’ म्हणायला लावतो आणि पुरुषी आवाज बाहेर येतो. काही बैठकांत तो आवाज बोलण्यात स्थिर होतो. शाळेत चिडवणूक सोसलेल्या मुलाच्या आयुष्यात यामुळे केवढा फरक पडतो, हे त्याच्या आईला विचारावे.

स्वरतंतूंवर गाठी येणारे रुग्ण वेगळे. मोठ्याने, दीर्घकाळ, अपुऱ्या श्वासावर बोलल्याने दोन्ही स्वरतंतूंच्या एकाच जागी घट्टे पडतात. लातूरमध्ये मला हे रुग्ण नेमके कुठून येतात ते ठाऊक आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीवर्गांत दिवसाला अनेक तास भरलेल्या वर्गापुढे बोलणारे शिक्षक, आडत बाजारात तुरीचे आणि सोयाबीनचे सौदे पुकारणारे, सप्ताहात रात्रीमागून रात्री उभे राहणारे कीर्तनकार, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका. त्यांना बोलू नका असे सांगून चालत नाही, कारण आवाज हेच त्यांचे पोट आहे. म्हणून पोटातून श्वास घेणे, वाक्य लहान ठेवणे, तासाभरात अधूनमधून पाणी पिणे, माइक वापरणे आणि घसा खाकरण्याची सवय सोडणे हे एकेक करून शिकवावे लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पुरेसे पाणी पिण्याचा सल्लाही घरची स्थिती विचारून द्यावा लागतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

सर्वांत कठीण काम स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाचे. शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिका मानेच्या पुढच्या बाजूला उघडलेली असते. माणूस त्या छिद्रातून श्वास घेतो. फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत येत नाही, म्हणून ओठ हलतात आणि आवाज निघत नाही. बोलण्याचे तीन मार्ग शाळेत शिकवले जातात. पहिला, हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरेसारखी सोडत तिच्यावर शब्द बसवण्याचा. त्याला खर्च नाही, चिकाटी मात्र खूप लागते. दुसरा, मानेला लावण्याच्या विजेरी यंत्राचा. तिसरा, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवण्याचा. रुग्ण बोटाने छिद्र झाकतो, हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि आवाज उमटतो. ही पद्धत अमेरिकेतील मार्क सिंगर आणि एरिक ब्लोम यांनी १९८० साली मांडली. ब्लोम हे स्पीच पॅथॉलॉजिस्टच होते, ही गोष्ट आमच्या व्यवसायाला अभिमानाची आहे. आयात झडपा महाग असल्याने बंगळूरचे कर्करोग सर्जन डॉ. विशाल राव यांनी अवघ्या पन्नास रुपयांच्या आसपास पडेल अशी ‘ओम’ झडप तयार केली. गरीब रुग्णासाठी संशोधन कोणत्या दिशेने व्हावे, याचा तो धडा आहे.

झडप बसवली म्हणजे काम संपत नाही. ती ब्रशने साफ करावी लागते, काही महिन्यांनी बदलावी लागते, गळायला लागली तर ते ओळखावे लागते. शेतकरी रुग्णाला आणखी काही सांगावे लागते. मळणीच्या धुराळ्यात उभे राहायचे तर मानेवर ओलसर मऊ कापड बांधावे. विहिरीत किंवा नदीत उतरू नये, कारण पाणी थेट फुप्फुसात जाईल. अंघोळीच्या वेळी तांब्या मानेखालून घ्यावा. अशा सूचना छापील पत्रकात क्वचितच असतात. त्या रुग्णाचा दिवस कसा जातो हे विचारल्यावरच सुचतात.

गिळण्याचे शास्त्र

आपल्या अभ्यासक्रमात गिळण्याचा विषय नंतर आला आणि आता तो केंद्रस्थानी आहे. जेरी लोगमन या अमेरिकन स्पीच पॅथॉलॉजिस्टने १९८३ साली गिळण्याच्या विकारांची तपासणी आणि उपचार यांवर पुस्तक लिहिले. बेरियम मिसळलेला घास रुग्ण गिळत असताना क्ष-किरणांच्या चलचित्रात पाहण्याची पद्धत तिने रूढ केली. १९८८ मध्ये सुसान लँगमोर आणि सहकाऱ्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणे पाहण्याची पद्धत मांडली. घास श्वासनलिकेत उतरतो का, केव्हा उतरतो आणि रुग्ण खोकतो का, हे डोळ्यांना दिसू लागले. काही रुग्णांत अन्न श्वासनलिकेत जाते आणि ठसकाही लागत नाही. तीच खरी धोक्याची अवस्था, कारण घरच्यांना काहीच कळत नाही आणि काही दिवसांनी न्यूमोनिया होतो.

निरोगी माणसाच्या घशातून घास पुढे सरकायला सेकंदभर लागतो. तेवढ्यात स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण कलते, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. लकव्यात, डोक्याच्या दुखापतीत, पार्किन्सनमध्ये, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि किरणोपचारानंतर हा क्रम बिघडतो. नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब अशा वेळी जीव तगवते. पण नळी घालून रुग्णाला घरी पाठवले आणि ती केव्हा, कशी काढायची ते कोणी सांगितलेच नाही, असे वारंवार घडते.

उपचार साधे दिसतात, त्यांची निवड मात्र तपासणीशिवाय करू नये. कोणाला हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला सांगतात, कोणाला श्वास रोखून गिळल्यावर लगेच खोकायला. कोणाला दुबळी बाजू दाबण्यासाठी मान त्या बाजूला वळवायला सांगतात. जिभेचे आणि मानेचे व्यायाम दिवसातून अनेकदा करावे लागतात.

आहाराचे दाटपण ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय आराखड्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. तो आराखडा रुग्णाच्या चुलीपर्यंत नेणे हे आमचे काम. मुरुडच्या घरात दाट केलेले द्रव म्हणजे काय, हे सांगताना आंबील, हुलग्याचे माडगे, गाळलेले दाट वरण ही नावे घ्यावी लागतात. पाणी सर्वांत सोपे असे प्रत्येकाला वाटते. लकव्याच्या रुग्णाला अंथरुणावर आडवे असतानाच चमच्याने पाणी पाजले जाते. पातळ पाणी सर्वांत वेगाने धावते आणि दुबळ्या घशाला वेळ देत नाही, हे समजावून सांगावे लागते. ज्वारीच्या भाकरीचे कोरडे कण घशात चिकटतात. आमटीत नुसती कुस्करलेली भाकरीही अवघड, कारण घन भाग चावत असताना पातळ रस आधीच घशात उतरतो. तीच भाकरी पूर्ण भिजवून एकजीव केली तर काहींना चालते. माणसाला नव्वद अंशांत बसवावे, घास लहान असावा, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये, तोंड स्वच्छ ठेवावे. लेकीसुनांनी एकदा हे पाहिले, हाताने केले की त्या ते अचूक करतात.

मराठवाड्याकडे

मुरुड लातूर शहराच्या पश्चिमेला, वीस-पंचवीस किलोमीटरवर. मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि पुढे अनेक दशके मुंबईला जाणारा रुग्ण कुर्डुवाडीला गाडी बदलून जाई. टाटामध्ये शस्त्रक्रिया झाली, पहिल्या काही बैठका झाल्या, मग तो गावी परतला की थेरपीचा धागा तुटे. भाडे, मुक्काम, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस यांचा हिशेब घातला तर त्याला दोष देता येणार नाही.

आपली शाळा सुरू झाली त्याच १९६६ साली लातूरला डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालयाचा पाया घातला. पुण्यात शिकलेले सर्जन लातूरला येऊन राहिले, तेव्हा या भागाला तज्ज्ञ सेवा मिळू लागली. डॉ. कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषण मिळाले. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन कामांकडे मी एकत्र पाहते. मुंबईने व्यवसाय शिकवला आणि लातूरने तज्ज्ञाने कुठे राहावे ते दाखवले. १९९० च्या सुमारास लातूरला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आले, २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. गरीब रुग्णांच्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या राज्याच्या जीवनदायी आरोग्य योजनेची सुरुवात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत मराठवाड्यातले नांदेड होते. २०१३ च्या अखेरीस ती लातूरसह सर्व राज्यात पोहोचली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. कर्करोगाची शस्त्रक्रिया शेतमजुराच्या आवाक्यात आली.

रुग्ण कमी होण्याची चिन्हे नाहीत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि त्यांतले बहुतेक धूरविरहित तंबाखूचे होते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरीही मळलेली तंबाखू आणि बायकांच्या हातातली मिश्री घराघरात आहे. तोंडाच्या कर्करोगात जिभेचा भाग गेला की बोलणे आणि गिळणे दोन्ही एकदम बिघडतात. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी थेरपिस्ट असणे ही मूलभूत गरज आहे.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. लातूर जिल्ह्यात मराठवाडी बोलीसोबत दख्खनी उर्दू, सीमेकडे कन्नड आणि बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. लकव्यानंतर शब्द हरवलेल्या आजोबांना पुस्तकी मराठीतली चित्रे दाखवून तपासले तर त्यांना जे येते तेही दिसत नाही. ‘अण्णा, हे काय?’ असे विचारून समोर औत, कासरा, तांब्या, भाकर ठेवली की उत्तरे येऊ लागतात. नायरच्या रांगेत मिळालेले शिक्षण इथे उपयोगी पडते. तिथे रुग्णाच्या बोलीत बोलायची सवय लागलेली असते.

हक्क

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे आणि स्वरयंत्र काढणे किंवा वाचाघात यांमुळे आलेले कायमचे दिव्यांगत्व त्यात स्पष्टपणे धरले आहे. स्वरयंत्र काढलेल्या अनेक रुग्णांना आपल्याला प्रमाणपत्र मिळू शकते हेच ठाऊक नसते. हात-पाय धड आहेत, मग आपण दिव्यांग कसे, असे ते विचारतात. ओपीडीतून निघताना त्यांच्या हातात या हक्काची माहिती देणे हे उपचाराचेच अंग मानले पाहिजे.

पुढील काम

साठ वर्षांत शाळेने व्यवसाय उभा केला. तिचे विद्यार्थी महाराष्ट्रभर आणि परदेशात काम करतात. २०२० नंतर मोबाइलवरून थेरपी देण्याची सवय रुग्णांना आणि आम्हालाही लागली. आवाजाचे व्यायाम, तोतरेपणाचा सराव त्यावर चांगला होतो. गिळण्याच्या रुग्णाचे मात्र तसे नाही. त्याच्या शेजारी बसून, गळ्यावर बोटे ठेवून स्वरयंत्र वर उचलले जाते की नाही हे पाहावे लागते.

म्हणून पुढच्या काळासाठी माझी मागणी ठोस आहे. इंटर्नशिपमधील काही काळ प्रत्येक विद्यार्थ्याने जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत काढावा. मुरुडसारख्या गावांच्या रुग्णालयांत आठवड्याचा एक दिवस स्पीच थेरपीसाठी ठरलेला असावा, म्हणजे रुग्णाला बसच्या एका तिकिटात थेरपी मिळेल. आशाताईंना जेवताना ठसका, जेवणानंतर ओला घोगरा आवाज, वारंवार येणारा ताप आणि घटणारे वजन ही चार लक्षणे ओळखायला शिकवावीत. लकव्याच्या प्रत्येक रुग्णाला तोंडावाटे पहिला घोट देण्याआधी गिळण्याची तपासणी व्हावी. शिक्षक प्रशिक्षणात आवाज जपण्याचे धडे असावेत. आणि बोलीतल्या शब्दांवर, घरातल्या पदार्थांवर आधारलेली तपासणीची साधने विद्यार्थ्यांनी प्रबंधांतून तयार करावीत, त्यासाठी प्राध्यापकांनी मराठवाड्यात यावे.

यातले कोणतेही काम मोठ्या यंत्रांवाचून अडत नाही. त्यासाठी शिकलेली माणसे हवीत आणि ती इथे राहायला तयार हवीत. शाळेने आम्हाला शिकवले ते महापालिकेच्या, म्हणजे लोकांच्या पैशावर. मुरुडच्या रुग्णाला त्याच्या गावात थेरपी मिळेल अशी व्यवस्था उभी करणे हे त्या शिक्षणाचे देणे आहे आणि ते फेडण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे, असे आवाहन मी या स्मरणिकेतून करते. लातूरला येणाऱ्या प्रत्येक नव्या थेरपिस्टला पहिल्या दिवसापासून सोबत घेऊन काम करायला आम्ही तयार आहोत.